निरोगी बालकांच्या पोटांतील रोगजंतु

जंतु सांपडला कीं रोग आहेच, असा एक सरळ हिशेब सुशिक्षित घरांतून पुष्कळ वर्षांपासून रुजला आहे. मोठमोठ्या साथींनीं तो लोकांस शिकविला, आणि पाणी गाळून व उकळून पिण्याची संवय लावण्यास तो उपयोगीही पडला. परंतु लहान मुलांच्या आंतड्यापाशीं येतांच हा हिशेब चुकूं लागतो. वर्षा-दीड वर्षाचें खेळतें, हसतें, भुकेच्या वेळीं भूक लागणारें मूल घ्यावें. त्यास जुलाब नाहींत, ताप नाहीं. तरी त्याच्या शौचाच्या नमुन्यांत अतिसार उत्पन्न करणारे जंतु मिळूं शकतात. अशा मुलास वैद्यकशास्त्रांत ‘वाहक’ म्हणतात. वाहकास रोगी म्हणावें कीं निरोगी? त्यास औषध द्यावें कीं देऊं नये? आणि त्याच्या पोटांतील जंतु शेजारच्या मुलास जाऊन बाधेल काय? या प्रश्नांचीं उत्तरें डोळ्यांनीं, सूक्ष्मदर्शकानें किंवा नुसत्या अनुभवानें देतां येत नाहींत. तीं शोधण्यासाठीं आतां जंतूचा संपूर्ण जनुकसंच अक्षरशः वाचून काढण्याची पद्धति हातीं आली आहे.

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय भागांतील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके या विषयाच्या विचारास सोयीचे आहेत. कारण तेथें पाण्याची कहाणी उघड्यावर मांडलेली दिसते. पाऊस बेताचा आणि जमीन मूळची कोरडवाहू. १८७६–७७ च्या दुष्काळानंतर नीरा नदीचा डावा कालवा निघाला, भाटघरचें धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि जेथें बाजरी कशीबशी तग धरी तेथें ऊंस उभा राहिला. पुढें १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पूर्ण झालें व त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या गांवांस येऊन भिडला. माळेगांव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे दूरच्या दुष्काळी भागांतून ऊंसतोडणीच्या टोळ्या बायकामुलांसह येतात व फडाच्या कडेस कोप्या घालून राहतात. कोणाच्या घरीं नळ असतो, कोणाची विहीर, कोणाची कूपनलिका. आणि कोपींतल्या बाईस जें पाणी जवळ सांपडेल तेंच हंड्यांत भरावें लागतें.

यांत शहरवासी वाचकास परक्याचें असें कांहीं नाहीं. पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेंत उतरतें, मुळा-मुठा भीमेस मिळते, आणि भीमेचें पाणी उजनीच्या जलाशयांत सांचतें. पुण्यांतील एखाद्या गृहस्थानें आपल्या घरच्या मोरीचा मार्ग नकाशावर बोटानें गिरविला, तर तें बोट इंदापूरच्या वेशीपाशीं जाऊन थांबेल. जंतूंचाही प्रवास बहुधा अशाच वाटांनीं होतो.

ज्या जंतूची येथें मुख्यतः चर्चा करावयाची त्याचें वर्णन १८८५ सालीं म्यूनिक येथील बालरोगवैद्य थिओडोर एश्चेरिश यांनीं प्रथम केलें. तान्ह्या मुलांच्या शौचाची तपासणी करतांना त्यांस हा दंडाच्या आकाराचा जंतु आढळला. पुढें त्यांच्याच नांवावरून त्यास ‘एश्चेरिशिया कोलाय’ असें नांव पडलें. संक्षेपानें त्यास ‘ई. कोलाय’ म्हणतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत तो प्रत्येक बालकाच्या आंतड्यांत बिऱ्हाड करतो आणि बहुतकरून आयुष्यभर तेथेंच राहतो. त्याचे बहुतेक वाण निरुपद्रवी असतात. इतकेंच नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व तयार करण्यांत आणि उपद्व्यापी जंतूंस जागा न मिळूं देण्यांत त्यांचें साह्यच होतें. म्हणून फार काळ वैद्यांस असें वाटत असे कीं, हा बिचारा घरचाच आहे. याच्यावर आळ घेण्याचें कारण नाहीं.

ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यास डळमळली. १९४५ सालीं लंडन येथें जॉन ब्रे यांनीं तान्ह्या मुलांच्या उन्हाळी अतिसाराचा संबंध ई. कोलायच्या एका विशिष्ट वाणाशीं जोडून दाखविला. १९५६ सालीं कलकत्त्यास शंभुनाथ डे व त्यांचे सहकारी यांनीं अतिसाराच्या रोग्यांपासून मिळविलेले कांहीं वाण सशाच्या आंतड्याच्या बांधलेल्या तुकड्यांत सोडले, तेव्हां त्या तुकड्यांत पाणी भरून ते फुगले. हेच डे पुढें १९५९ सालीं पटकीच्या विषाच्या शोधामुळें प्रसिद्धीस आले. सारांश, घरच्याच माणसांत कांहीं वेषधारी शिरलेले आहेत, हें निश्चित झालें.

या वेषधाऱ्यांच्या तऱ्हाही एक नव्हेत. एक गट आंतड्यांत विष सोडतो. त्या विषानें पेशींचा संयम सुटून शरीरांतील पाणी व क्षार आंतड्यांत ओघळूं लागतात. दुसरा गट आंतड्याच्या अस्तरास घट्ट चिकटतो आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील बारीक अंकुर झिजवून टाकतो. तिसरा गट, ज्याची वेगळी ओळख १९८७ सालीं पटली, गवंड्यानें रचलेल्या विटांप्रमाणें एकमेकांवर थर देऊन बसतो व चिकट लेपांत दीर्घकाळ मुक्काम ठोकतो. चौथा गट पेशींच्या आंतच घुसतो. त्याचें नातें, जपानचे कियोशी शिगा यांनीं १८९७ सालीं शोधलेल्या रक्ती आंवेच्या जंतूशीं अगदीं निकटचें आहे. अडचण अशी कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं निरुपद्रवी वाण आणि हे सारे बहुतेक सारखेच दिसतात, आणि प्रयोगशाळेंतील कांचेच्या ताटलींत त्यांच्या वसाहतीही सारख्याच वाढतात. चेहऱ्यावरून ओळख पटत नाहीं म्हटल्यावर त्यांच्या कुंडलीकडेच वळावें लागतें.

ही कुंडली म्हणजे जंतूचा जनुकसंच. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी.एन.ए. नांवाचा एक अत्यंत लांब व बारीक धागा असतो. त्या धाग्यावर केवळ चार रासायनिक अक्षरें निरनिराळ्या क्रमानें ओवलेलीं असतात, आणि त्या क्रमांत त्या जीवाचें सर्व कसब लिहिलेलें असतें. अशा एकेका अर्थपूर्ण परिच्छेदास जनुक म्हणतात. ई. कोलायच्या प्रयोगशाळेंतील एका सौम्य वाणाचा संपूर्ण जनुकसंच अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें ४६ लाख अक्षरें आणि ४,३०० च्या आसपास जनुकें भरलीं. पुढें २००२ सालीं अशा तीन वाणांची तुलना झाली. एक हा सौम्य वाण, एक रक्ती अतिसाराचा आणि एक मूत्रमार्गाच्या रोगाचा. तेव्हां तिघांत मिळून जितकीं वेगवेगळीं प्रथिनें होतीं त्यांपैकीं अवघीं ३९ टक्के तिघांनाही समान निघालीं. एकाच नांवाच्या जंतूंत इतकें अंतर असावें, हें पाहून ‘ई. कोलाय सांपडला’ या वाक्यास किती थोडा अर्थ आहे हें ध्यानीं आलें.

हें क्रमवाचन होतें कसें, तें समजण्यास कठीण नाहीं. मुलाच्या शौचाचा अल्पसा नमुना स्वच्छ डबींत घेऊन तो थंड ठेवून प्रयोगशाळेंत पोंचविला जातो. तेथें पोषक थरावर जंतु वाढवितात, आणि एका जंतूपासून वाढलेली एकच वसाहत निवडून तिच्यांतील डी.एन.ए. निराळा काढतात. एवढा लांब धागा एका दमांत वाचणें बहुतेक यंत्रांस साधत नाहीं. म्हणून त्याचे असंख्य लहान तुकडे करतात. यंत्र प्रत्येक तुकड्याच्या जोडीस एकेक नवें अक्षर बसवितें, आणि प्रत्येक अक्षरास लावलेल्या प्रकाशमान रंगावरून तें कोणतें हें टिपून घेतें. १९७७ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक सँगर यांनीं जी क्रमवाचनाची पद्धति सिद्ध केली तिनें अशा कामास वर्षें लागलीं असतीं. आतांच्या यंत्रांनीं तें दिवसांवर आलें आहे.

मग उरतें तें तुकडे जोडण्याचें काम. एकाच पोथीच्या शेंकडों प्रती घेऊन त्या निरनिराळ्या जागीं फाडल्या आणि सगळ्या चिंध्या एका ढिगांत मिसळल्या, तर एका चिंधीचा शेवट दुसऱ्या चिंधीच्या मध्यावर जुळतो हें पाहत पाहत मूळ ग्रंथ पुन्हा उभा करतां येईल. माणसास हें काम जन्मभर पुरलें असतें. गणकयंत्र तें थोड्या वेळांत करतें. ग्रंथ जुळला म्हणजे त्यांत विषाचें जनुक आहे काय, चिकटण्याचें साधन आहे काय, कोणत्या औषधास दाद न देण्याची विद्या आहे काय, हें पूर्वीं ज्ञात असलेल्या जनुकांशीं ताडून पाहतात.

परंतु याहूनही मोलाची गोष्ट पुढें आहे, आणि तिचें रहस्य पुणेकरांस त्यांच्याच शहरांतील एका विद्याव्यासंगावरून चांगलें उमजेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति तयार झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्या कार्यास जी शिस्त घालून दिली तिच्या आधारें तें १९६६ सालीं पूर्णत्वास गेलें. तेथें निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितें समोर ठेवून ओळ न् ओळ ताडली जात असे. दोन पोथ्यांत एकच विचित्र पाठभेद आढळला, तर त्या दोहोंचा पूर्वज बहुधा एकच, असें अनुमान निघे. आणि अशा भेदांवरून पोथ्यांचीं घराणीं मांडतां येत. जंतूंच्या बाबतींत हीच युक्ति चालते. जंतु विभागून दुणावतो तेव्हां त्याच्या ४६ लाख अक्षरांची नक्कल होते, आणि क्वचित् एखादें अक्षर चुकतें. ती चूक पुढील पिढ्यांत उतरते. समजा, बारामती तालुक्यांतील एका वस्तींतल्या दोन मुलांचे जंतु दोनचार अक्षरांनींच भिन्न निघाले, तर ते अलीकडेच एका ठिकाणाहून आले असें समजावें. उलट ते हजारों अक्षरांनीं भिन्न असतील, तर तीं मुलें एकाच हंड्याचें पाणी पीत असलीं तरी त्यांचे जंतु वेगळ्या वाटांनीं आलेले आहेत. मुलांचे नमुने, घरांतील रांजणाचें पाणी, विहिरीचें व कालव्याचें पाणी, गोठ्यांतील जनावरें या सर्वांतील जंतूंच्या कुंडल्या अशा रीतीनें शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर खरा मार्ग कोणता याचा छडा लागण्याची आशा धरतां येते. आणि मार्ग कळला म्हणजे पैसा कोठें खर्चावा, नळावर, विहिरीवर, शौचकूपावर कीं हात धुण्याच्या सोयीवर, हेंही कळतें.

या विद्येची परीक्षा युरोपखंडांत एका भयंकर प्रसंगीं झाली. २०११ सालच्या मे महिन्यांत उत्तर जर्मनींत रक्ती अतिसाराची साथ उसळली. ३,८०० हून अधिक लोक आजारी झाले आणि पन्नासांहून अधिक दगावले. जून उजाडतो न उजाडतो तोंच त्या जंतूचा जनुकसंच वाचून जगापुढें उघडा ठेवण्यांत आला, आणि देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनीं तो ताडून पाहिला. तेव्हां उमगलें कीं, विटांसारखा थर देऊन बसणाऱ्या तिसऱ्या गटांतील एका वाणानें एका विषाणूकडून रक्ती अतिसाराच्या विषाचें जनुक उचललें होतें. दोन घरांचे दुर्गुण एका घरांत नांदूं लागले होते. साथीचें मूळ मोड आलेल्या मेथ्यांपर्यंत जाऊन पोंचलें. जनुकें अशीं एका जंतूकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात, ही गोष्ट वाहक बालकांच्या बाबतींत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण आंतडें हा या देवघेवीचा मोठा बाजार होय.

त्या बाजारांतील सर्वांत चिंताजनक माल म्हणजे औषधांस न जुमानण्याचीं जनुकें. तीं पुष्कळदां प्लाझ्मिड नांवाच्या लहान, सुट्या वळ्यांवर बसलेलीं असतात आणि एका जंतूकडून शेजारच्यास सहज दिलीं जातात. अशा जनुकांपैकीं जगभर पसरलेलें ‘सी.टी.एक्स.-एम.-१५’ नांवाचें एक जनुक प्रथम नोंदलें गेलें तें १९९९ सालीं नव्या दिल्लींत मिळालेल्या जंतूंत. साध्या पाणीदार जुलाबास किंवा सर्दीपडशास प्रतिजैविक औषध दिलें, म्हणजे मुलाच्या पोटांतील औषधास भिणारे निरुपद्रवी जंतु मरतात, आणि न भिणारे मोकळ्या झालेल्या रानांत फोफावतात. मूल बरें दिसतें. पण पुढें कधीं त्यास किंवा त्याच्या लहान भावंडास रक्तांत विकार उतरण्याइतका गंभीर रोग झाला, तर जें औषध कामीं यावयाचें तेंच बोथट झालेलें असतें. याची किंमत बहुधा अगदीं तान्हीं व अशक्त मुलेंच देतात.

येथें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील कीं, रोगजंतु पोटांत असतांना मूल निरोगी राहतें तरी कसें? याचीं कारणें अनेक आहेत. आईच्या दुधांतील रक्षक द्रव्यें जंतूस अस्तराशीं चिकटूं देत नाहींत. पूर्वीं एकदां येऊन गेलेल्या जंतूची शरीरास ओळख असते. कधीं जंतूंची संख्या अल्प असते, कधीं शेजारचे निरुपद्रवी जंतु त्यांस वाढूं देत नाहींत, आणि कधीं विषाचें जनुक जवळ असूनही जंतु तें वापरीत नाहीं. आठ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणींत, जींत भारतांतून वेल्लोरचा समावेश होता, २,१४५ मुलांचे जन्मापासून दोन वर्षेंपर्यंत नमुने घेण्यांत आले. जुलाब नसतांना घेतलेले नमुनेच त्यांत चोवीस हजारांहून अधिक होते, आणि त्यांतही रोगजंतु वारंवार आढळले. २०१५ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच मुलांच्या पुढील अभ्यासांत असेंही दिसलें कीं, थर देऊन बसणारा गट जुलाब न करतांही आंतड्यांत दाह धुमसत ठेवतो, आणि अशा मुलांची वाढ खुंटण्याकडे कल असतो. म्हणजे ‘जुलाब नाहींत, मग काळजी नाहीं’ हा दुसरा हिशेबही पुरता बरोबर नाहीं.

म्हणून नुसतें क्रमवाचन करून भागत नाहीं. आजारी मुलांबरोबरच त्याच वयाच्या, त्याच गांवच्या आणि त्याच ऋतूंतील निरोगी मुलांचेही नमुने घ्यावे लागतात. मुलाचें वजन व उंची पुढेंही मोजावी लागते. आईबापांस हेतु समजावून त्यांची संमति घ्यावी लागते. जनुकसंच सांगतो तो जंतूच्या अंगीं काय करण्याची ताकद आहे हें. त्या मुलाच्या पोटांत तो खरोखर काय करीत आहे, हें मुलाकडे पाहूनच ठरतें.

आणखी एक धोका विज्ञानाच्या बाहेरचा आहे. जंतूंचीं घराणीं मांडतां येऊं लागलीं, कीं मनुष्याचें मन लगेच अपराधी शोधूं लागतें. अमक्या कोपींतल्या पोरापासून रोग आला, असें एकदां कोणी म्हटलें, कीं त्या पोराला अंगणवाडींत शेजारीं बसूं न देण्यास वेळ लागत नाहीं. वास्तविक तें मूल जंतूचा पहिला आश्रय नव्हे, तर बहुधा पहिलें भक्ष्य असतें. ज्या पाण्यानें त्यास जंतु दिला तें पाणी त्याच्या आईनें निवडलेलें नसतें. आणि वरच्या अंगास राहणाऱ्या मोठ्या शहराचा त्यांत कितपत वाटा आहे, हें तीच कुंडली उलट बाजूनेंही विचारूं शकते. अशा अभ्यासांत मुलांचीं नांवें गुप्त ठेवण्याचा दंडक आहे तो याचसाठीं.

कारण नेमकें कळलें म्हणजे उपायही नेमका सांपडतो, याचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. बालकांच्या तीव्र अतिसारास कारण होणाऱ्या रोटा विषाणूवरील भारतीय लशीची मोठी चांचणी ६,७९९ बालकांवर झाली. तिच्या तीन केंद्रांपैकीं एक शिरूर तालुक्यांतील वढू येथें होतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें तीव्र आजाराचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेंही अशी लस तयार केली, आणि २०१९ पासून महाराष्ट्राच्या नित्य लसीकरणांत रोटा विषाणूवरील लशीचा समावेश झाला. ई. कोलायच्या अनेक तऱ्हांवर अशी सर्वमान्य लस अद्याप नाहीं. आणि कोणत्या तऱ्हेवर ती प्रथम करावी, हें ठरविण्यास वाहक मुलांच्या जंतूंचें वाचन उपयोगी पडेल.

तोंपर्यंत घरच्या मंडळींनीं काय करावें, हें मात्र जनुकसंचाची वाट पाहत नाहीं. पहिले सहा महिने बालकास आईचेंच दूध द्यावें. शौचानंतर, मुलास धुतल्यानंतर आणि घांस भरविण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. जुलाब सुरू होतांच क्षार-साखरेचें पाणी, म्हणजे ओ.आर.एस., घोटाघोटानें द्यावें; १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत दिलीप महालनबीस यांनीं त्याचा गुण सिद्ध करून दाखविला, आणि त्यानें असंख्य मुलें वांचलीं आहेत. वैद्याच्या सल्ल्यानें जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्या. दूध व जेवण तोडूं नये. शौचांत रक्त पडलें, मूल मलूल झालें, पाणी पोटांत ठरेनासें झालें किंवा डोळे खोल गेले, तर विलंब न लावतां दवाखाना गांठावा. निरोगी मुलाच्या तपासणींत एखादा जंतु निघाला म्हणून त्यास प्रतिजैविक औषध देण्याचा आग्रह वैद्यापाशीं धरूं नये. आणि मागच्या खेपेची उरलेली बाटली तर कधींच काढूं नये. शहरांतील गृहस्थानें याखेरीज एक चौकशी आपल्या नगरपालिकेकडे करावी: घरच्या मोरींतून गेलेलें पाणी नदींत पडण्यापूर्वीं शुद्ध होतें काय? नदीच्या खालच्या अंगास कोणाचें तरी मूल हंडा भरणाऱ्या आईच्या कडेवर बसलेलें असतें.